डॉक्टर हासच्या खोलीचा वारस

१ जुलै, सकाळी ५.१०

आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

खरं एवढंच, की चष्म्याचे नंबर काढायचं शिक्षण संपलं. आता माजी सैनिकांच्या या हॉस्पिटलात वर्षभर डोळ्यांच्या रोगांवर रेसिडेन्सी. काचबिंदू, डायबिटीसनं पोखरलेले पडदे, असली खरी कामं. पुढच्या जूनमध्ये डॉक्टर हास निवृत्त होणार आणि त्यांची जागा रिकामी होणार. कायमची नोकरी, वर खिडकीवाली खोली. खिडकीतून नुसतं पार्किंग दिसतं, पण खिडकी ती खिडकी. जागा एक आणि रेसिडेंट दोन. एक मी, गॉर्डन टीग. दुसरी कुणी कोरीन पावलाक.

संकल्प: रोज पाचला उठायचं, रोज काचबिंदूवरचं एक प्रकरण वाचायचं, पावलाककडे लक्ष द्यायचं नाही.

१ जुलै, संध्याकाळी

पावलाक साडेसहालाच येऊन बसली होती. मी सातला पोचलो. म्हणजे मी वेळेवर होतो, ती लवकर होती. लवकर येणं हीसुद्धा एक प्रकारची बेशिस्तच.

आमच्या प्रमुख ऑस्ट्रँडर मॅडम. वीस वर्षं सैन्यात काढून आल्यात, हसू रेशनवर मिळत असल्यासारखं जपून वापरतात. म्हणाल्या, पुस्तकं तुम्हाला थोडं शिकवतील, बाकीचं पेशंट शिकवतील, त्यांचं ऐका. मी मान डोलावली. पावलाकनं लिहून घेतलं. पुढे पुढे करायची सवय दिसतेय.

२ जुलै

सव्वासातला उठलो. वाचन उद्यापासून.

८ जुलै

आज एलरॉय स्टबलफील्ड नावाचे पेशंट. वय सत्त्याहत्तर, व्हिएतनामला लढलेले मरीन, डोक्यावर तुकडीची लाल टोपी. तपासतानाही ती काढत नाहीत, मागे फिरवून घेतात. आमची टेक्निशियन लव्हॉन (पूर्वी नौदलात होती, हे दर अर्ध्या तासाला सांगते) हिनं त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी आणि प्रेशर लिहिलंच नव्हतं. दोन्ही रकाने कोरे. आळस. तक्रार करणार नाही, पण लक्षात ठेवलंय.

बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकले. वीस मिनिटांनी उजवी बाहुली मोठी, डावी जागच्या जागी. पुन्हा थेंब. स्टबलफील्ड म्हणाले, डावा पहिल्यापासून जरा हट्टी आहे. तिसऱ्यांदा थेंब. पन्नास मिनिटं झाली तरी डावी बाहुली ढिम्म. मनात म्हटलं, गॉर्डन, पहिल्याच आठवड्यात दुर्मिळ विकार! शोधनिबंधाचं नावसुद्धा सुचलं. तेवढ्यात म्हातारबांनी डावा डोळा बोटानं काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही निवांत बघा डॉक्टर. मी कॉफी पिऊन येतो."

खोटा डोळा. दाराबाहेर अख्खं क्लिनिक कान लावून उभं होतं.

नंतर कळलं की हा इथला रिवाजच आहे. दर जुलैत स्टबलफील्ड प्रत्येक नव्या रेसिडेंटकडे येतात, कुणी काही सांगायचं नाही, आणि कुणी किती वेळात ओळखलं ते लव्हॉन एका कागदावर लिहून ठेवते. सोळा वर्षांचा कागद आहे. आजवरचा विक्रम चार मिनिटांचा होता. पावलाकची पाळी काल झाली. अकरा सेकंद.

तिनं आधी जुनी फाइल वाचली असणार. त्यात कसली आलीय हुशारी? फाइल काय, कुणीही वाचू शकतं.

२ ऑगस्ट

पावलाकच्या टेबलावर झुकिनी, काकडीसारखी दिसणारी ती भाजी. तीन. एका नौदलवाल्यानं आपल्या बागेतली आणून दिली. पेशंटकडून महागडी भेट घ्यायची नाही असा नियम आहे, पण नियम करणाऱ्याला झुकिनी सुचली नसावी. मला मोह नाही. मला झुकिनी आवडतही नाही.

६ ऑगस्ट

तिला मक्याची कणसं. बारा. शिवाय हरणाच्या मांसाची सुकी पट्टी, घरी केलेली.

१९ ऑगस्ट

पेशंटांचा तिच्यावर एवढा जीव का, याचा शास्त्रीय अभ्यास केला. दाराआडून. ती आधी विचारते, तुम्ही कुठे होतात, कुठल्या जहाजावर, कुठल्या तुकडीत. मग तो पेशंट बोलत राहतो, ही ऐकत राहते. डोळ्याचं नावच नाही. बोलणाऱ्याचे हुलगेही विकले जातात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, दुसरं काय. तिचे दिवसाला नऊ पेशंट होतात. माझे तेरा. वर्षअखेरीला आकडे बोलतील.

२३ ऑगस्ट

प्रयोग म्हणून माझ्या टेबलावर पाच टोमॅटो ठेवले. लव्हॉननं विचारलं, कुणी दिले. म्हटलं, एक पेशंट आहेत, फार प्रेमळ, नाव सांगू नका म्हणालेत. तिनं एक टोमॅटो उचलला, नखानं त्यावर काहीतरी खरवडलं, माझ्या कोटाच्या खिशावर थोपटलं आणि निघून गेली. दिवसभर कुणी काही बोललं नाही. घरी आल्यावर दिसलं, खिशावर टोमॅटोवरचा सुपरमार्केटचा स्टिकर.

१० ऑक्टोबर

डॉक्टर हास जेवायला गेले असताना त्यांची खोली पावलांनी मोजली. टेबल खिडकीकडे पाठ करून ठेवायचं. पेशंटला माझ्यामागे उजेड दिसला पाहिजे. आईला फोनवर सांगितलं की जागा जवळजवळ पक्की. तिनं चर्चमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. बरं झालं.

१० नोव्हेंबर

उद्या माजी सैनिकांचा दिवस, क्लिनिक बंद. म्हणून शुभेच्छा आजच द्यायच्या ठरवल्या. आरशासमोर तयारी केली होती.

बाहेर वेटिंगमध्ये मोठा केक. आज मरीन दलाचा वाढदिवस असतो म्हणे. केक अर्थातच पावलाकनं आणलेला. स्टबलफील्ड आणि आणखी पाचसहा म्हातारे मरीन टोप्या घालून उभे. केकचा एक तुकडा कापून ठेवला होता आणि कुणीच घेत नव्हतं. मला वाटलं, डॉक्टरांसाठी थांबलेत. घेतला. एक घास खाऊन सगळ्यांना म्हटलं, आमच्या शूर आर्मीवाल्यांना मानाचा मुजरा.

मग कळलं: तो तुकडा तिथल्या सगळ्यात वयस्क मरीनचा असतो, तो खाणार आणि मग सगळ्यात तरुण मरीनला देणार. तिथले सगळ्यात वयस्क ब्याण्णव वर्षांचे होते, ते व्हीलचेअरमधून माझ्या हाताकडे बघत होते. आणि मरीन दल वेगळं, आर्मी वेगळी; मरीनला आर्मीवाला म्हणणं हे त्याच्या आईबद्दल बोलण्याच्या फार लांब नाही. शेवटी स्टबलफील्डच म्हणाले, "खा पोरा, खा. आर्मीत असंच जेवतात."

सगळे हसले. पावलाकही हसली. नंतर तिनं दुसरा तुकडा कापून त्या आजोबांना नेऊन दिला, वाकून काहीतरी बोलली आणि त्यांनी तिचा गाल थोपटला. हे सगळं मला खाली पाडायला रचलेलं होतं असं मी म्हणत नाही. पण केकच आणायचा होता तर रिवाज एका चिठ्ठीवर लिहून ठेवता आला असता.

१८ डिसेंबर

सगळ्यांनी घरून पदार्थ आणून एकत्र जेवण. माझं बटाट्याचं कॅसरोल उरलं. तिच्या आजीच्या पद्धतीचे पोलिश मोमो पंधरा मिनिटांत फस्त. मीही सात खाल्ले, पण संशयानं.

१ जानेवारी

नवे संकल्प. पाचला उठायचं. काचबिंदूचं पुस्तक पहिल्या प्रकरणापासून. पावलाकबद्दल या वहीत एक अक्षर लिहायचं नाही.

२ जानेवारी

पावलाकनं केस कापलेत. मुलाखतीची तयारी दिसतेय.

११ फेब्रुवारी

बर्फ. तरीही आज चौदा पेशंट, माझा उच्चांक. दुपारी दोनला स्टबलफील्ड. उजव्या डोळ्याचं प्रेशर चांगलं, नस चांगली, पडदा चांगला. पण तेवढ्यावर उठतील तर ते स्टबलफील्ड कसले. आठ मिनिटं पोर्क सँडविचवर बोलत होते. हायवेवरच्या त्या हॉटेलातलं, ताटाएवढं. चाळीस वर्षं खातायत, हल्ली दोन घासांत जबडा भरून येतो, थांबावं लागतं, मग जरा बरं वाटतं, मग पुन्हा दोन घास. मी म्हटलं, मांस चिवट असेल, दातांच्या डॉक्टरांना दाखवा, आणि सहा महिन्यांनी या. टाइप करता करता म्हटलं. एका वेळी दोन कामं मला जमतात.

डोक्यावर टोपी नव्हती. म्हटलं, चला, उशिरा का होईना शिस्त लागली.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६

घडलं ते असं. स्टबलफील्ड कोट चढवून निघाले होते. पावलाक कॉरिडॉरमधून जात होती. तिनं विचारलं, आज टोपी कुठेय. ते म्हणाले, आठवडाभर टोपी टेकली की टाळू ठणकतेय, केससुद्धा विंचरवत नाहीत. तिनं त्यांचा कोट काढायला लावला. जेवताना काही होतं का? सँडविचची सगळी कथा पुन्हा. नजरेला काही? तेव्हा त्यांनी सांगितलं की काल सकाळी उजव्या डोळ्यासमोर मिनिटभर पडदा आला होता. झोप पुरी झाली नसेल म्हणून सोडून दिलं.

हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं, हा तपशिलाचा भाग झाला.

ती त्यांना हाताला धरून थेट ऑस्ट्रँडर मॅडमकडे घेऊन गेली. कानशिलाजवळच्या रक्तवाहिन्या सुजल्या होत्या. ही सूज डोळ्याच्या नसेचं रक्त तोडते, मग नजर एका रात्रीत जाते आणि परत येत नाही. तासाभरात रक्ततपासणी, लगेच शिरेतून स्टेरॉइड, वरच्या मजल्यावर भरती.

१२ फेब्रुवारी

ऑस्ट्रँडर मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं. माझी कालची नोंद त्यांच्यासमोर कॉम्प्युटरवर उघडी होती.

"त्याला एकच डोळा आहे, गॉर्डन," त्या म्हणाल्या. "आणि तू त्याला सहा महिन्यांनी बोलावलंस."

मी म्हटलं, तपासणीच्या फॉर्ममध्ये सँडविचचा रकाना नाही. त्यांनी स्क्रीन बंद करून दार उघडलं. 

नंतर बाथरूममध्ये जाऊन बसलो. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो: मला भीती वाटली. तो म्हातारा आज सकाळी उठला असता आणि त्याला काहीच दिसलं नसतं, आणि नोंदीखाली सही माझी असती.  अर्धा तास तरी उठता आलं नाही.

जेवायच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये गेलो तर सगळे पावलाकच्या टेबलाभोवती. हास तिच्याशी हात मिळवत होते. हास. ज्यांची खोली मी मोजलीय. त्याबरोबर भीती कुठल्या कुठे गेली. पेशंट माझा. अपॉइंटमेंट माझी. सँडविच तर पहिल्यांदा मीच ऐकलं. आणखी दोन मिनिटं थांबलो असतो तर मीच विचारलं असतं. ही मात्र आयत्या बिळावर नागोबा.

२ मार्च

बायोप्सीत तेच निघालं. स्टबलफील्डची नजर शाबूत. आज आले होते. पावलाकशी हात मिळवताना त्यांनी तिच्या तळहातात तुकडीचं नाणं सरकवलं. मरीन लोक हे मानाचं नाणं वाटेल त्याला देत नाहीत, असं लव्हॉननं मला तीनदा सांगितलं. एकदा पुरलं असतं.

माझ्याशीही हात मिळवला त्यांनी. हातात काही नव्हतं. मी जरा जास्त वेळ धरून बघितला.

९ मार्च

पावलाक म्हणते, पेशंट तुझा होता, ही केस तूच लिही, शरद ऋतूतल्या परिषदेला पाठव. बघा. दानशूरपणा. मी नाही म्हटलं तर मी आडमुठा, हो म्हटलं तर तिचा उपकार. दोन्हीकडून तीच मोठी. रात्रभर विचार करून हो म्हटलं.

१४ एप्रिल

हासच्या जागेची जाहिरात लागली. मुदत दोन आठवडे. पहिल्याच दिवशी अर्ज भरला. पावलाक कॉम्प्युटरवर काहीतरी भरत होती. मी मागे उभा राहिलो तर तिनं वळून विचारलं, काही हवंय का. म्हटलं, स्टेपलर. चोराच्या मनात चांदणं.

३० एप्रिल

मुदत संपली. तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही की अर्ज केलाय. किती ही लपवाछपवी! आतून माझा जळफळाट होतोय असं कुणाला वाटेल. छे. ॲसिडिटी आहे. गोळी घेतली.

२१ मे

मुलाखत. तिघांची समिती: मॅडम, हास आणि कार्मिक विभागाचे एक गृहस्थ. प्रश्न छापलेले, सगळ्या उमेदवारांना तेच विचारतात म्हणे.

पहिला प्रश्न: तुमची एखादी चूक सांगा. म्हटलं, सहकाऱ्यांवर फार विश्वास टाकतो. आणि उदाहरण म्हणून पावलाकची कार्यपद्धती सविस्तर सांगितली. दुसरा: पेशंटचं ऐकून निर्णय बदललात असा प्रसंग. म्हटलं, ऐकण्याच्या नावाखाली वेळ कसा जातो ते बघा, आणि तिचे नऊ आणि माझे तेरा हे महिनावार मांडले. तक्ता सोबत नेला होता. तिसरा: ज्याच्या उपचाराचा तुम्हाला अभिमान वाटतो असा एक पेशंट. इथे स्टबलफील्ड काढले. त्या केसमध्ये श्रेयाचं वाटप कसं व्हायला हवं होतं हे पुराव्यासकट पटवलं.

चाळीस मिनिटं बोललो. कार्मिक विभागवाल्यांनी लिहायचंसुद्धा थांबवलं, ऐकतच राहिले. हासांनी शेवटी चष्मा काढून डोळे चोळले. भारावले असावेत.

२२ मे

पडद्याचं कापड बघून आलो. खिडकीला निळं.

२६ जून

मेल आला. जागेची पुन्हा जाहिरात देणार.

आधी काही कळेना. मग लक्षात आलं. आम्हा दोघांत निवड करणं त्यांना जमलं नाही. दोघंही तोडीस तोड, एकाला घेतलं तर दुसऱ्यावर अन्याय. म्हणजे बरोबरी. वर्षभर माझा जो समज होता, की ती माझ्यापुढे आहे, तो चुकीचा ठरला. आईला तसंच कळवलं. ती म्हणाली, चर्चमध्ये काय सांगू.

३० जून

शेवटचा दिवस. ओळखपत्र, किल्ल्या, कोट, सगळं परत केलं. निघताना मोठ्या मनानं ऑस्ट्रँडर मॅडमना म्हटलं, तुमची अडचण मी समजू शकतो, दोन चांगल्या उमेदवारांतून एक निवडायचा म्हणजे अवघड.

त्यांनी माझ्या किल्ल्या ड्रॉवरमध्ये टाकल्या.

"अर्ज एकच आला होता, गॉर्डन," त्या म्हणाल्या. "तुझा."

मी विचारलं, आणि पावलाक? पावलाक आईच्या गावी चाललीय, मिनेसोटात, पार वर. तिथे शंभर मैलांत डोळ्यांचा डॉक्टर नाही. हे तिनं सप्टेंबरपासून सगळ्यांना सांगितलंय, मॅडम म्हणाल्या, तुलाही सांगितलं असणार. असेलही. ती बोलायला लागली की मी तिचा डाव काय असेल याचा विचार करत असायचो.

"आम्ही तुला तीन प्रश्न विचारले," त्या म्हणाल्या, "आणि तू तिन्ही वेळा कोरीनबद्दल बोललास. ऑगस्टमध्ये पुन्हा जाहिरात लागेल. पुन्हा अर्ज कर. फक्त या वेळी एखाद्या पेशंटबद्दल बोल."

पार्किंगमध्ये पावलाक गाडीत खोकी भरत होती. मला बघून हात हलवला, जवळ आली, म्हणाली, गॉर्डन, काळजी घे, तुझ्याबरोबर काम करून छान वाटलं. तिला खरंच तसं वाटत होतं. हे मला सहन होईना. मी म्हटलं, तुलाही.

घरी आलो. मॅडमचं म्हणणं मनावर घ्यायचं ठरवलं. एखादा पेशंट, नावानिशी, त्याला काय होत होतं, तो काय म्हणाला, मी काय केलं. वर्षभराची वही आहेच, म्हटलं, यात शेकड्यांनी सापडतील. पहिल्या पानापासून चाळायला बसलो. पान उलटलं की पावलाक. ती किती वाजता आली, कुणी तिला काय दिलं, केस कधी कापले, केक कुणाला नेऊन दिला. ज्या दिवशी मी चौदा पेशंट पाहिले त्यातल्या तेराजणांचं नावसुद्धा नाही. चौदावा आहे, तोही तिनं वाचवला म्हणून.

पाचला उठून, सातला उठून, वर्षभर मी रोजनिशी लिहिली. निघाली ती तिचीच.